मुका 'ई' आणि आपली मुले

(ज्युबिली वर्षात भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल वर्षात थोर विषयांवर बोलणारे विद्वान वक्ते आपणांस पुष्कळ लाभतील. आम्ही मात्र केवळ एका अक्षराविषयी बोलण्याची परवानगी मागून घेतली आहे. आणि तेही असे अक्षर की, जे लिहिले जाते परंतु उच्चारले जात नाही. इंग्रजी शब्दाच्या शेवटी येणारा मुका 'ई' हा आजचा आमचा विषय होय. विषय क्षुद्र वाटेल. परंतु ज्या घरात सहासात वर्षांचे मूल संध्याकाळी इंग्रजीचे पुस्तक पुढे घेऊन रडत बसते, त्या घरास तो क्षुद्र वाटणार नाही.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही इंग्रजीचे पहिले पुस्तक हाती घेतले तेव्हा अक्षरओळख झाली होती, आणि मराठी तर आम्हांस चांगले वाचता येत होते. एके दिवशी फळ्यावर 'एन, ए, एम, ई' अशी चार अक्षरे आली. आम्ही उभे राहून मोठ्या विश्वासाने 'नामे' असे वाचले. वर्ग हसला. मास्तरांनी हातावर दोन छड्या दिल्या आणि 'नेम' हा शब्द पन्नास वेळा लिहून आणावयास सांगितले. तो आम्ही लिहून आणला. परंतु 'नामे' का नव्हे, हे त्यांनी सांगितले नाही, व विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. इंग्रजी ही विचार करून वाचण्याची भाषा नसून धाक बाळगून पाठ करण्याची भाषा आहे, असा त्या दिवशी आमचा ग्रह झाला. तो जावयास पुष्कळ वर्षे लागली.

पुढे वाचनात आले की, आमची चूक एवढीच होती की आम्ही तो शब्द सहाशे वर्षे उशिरा वाचला! कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या काळी लंडनात हा शब्द दोन अवयवांचा होता: प्रथम दीर्घ 'ना', आणि शेवटी 'मे'कडे झुकणारा एक अस्पष्ट स्वर. आपल्या 'नाम' शब्दाचा तो चुलतभाऊच आहे. 'टाइम' हा शब्दही तेव्हा 'टीम' व त्यापुढे तोच अस्पष्ट स्वर, असा बोलला जाई. पुढे तो शेवटचा स्वर बोलण्यातून गळून गेला. मग दोनतीन शतकांत दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. 'ना'चा 'ने' झाला, 'टी'चा 'टाय' झाला. परंतु मध्यंतरी, १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला होता, आणि छापील शब्द जिभेइतक्या सहज बदलत नाहीत. बोलणे पुढे गेले, लेखन मागे राहिले.

या मागे राहिलेल्या 'ई'चा उपयोग शिक्षकांनीच ओळखला. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा पहिला मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर याने १५८२ साली 'एलिमेंटरी' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेवटचा मुका 'ई' हा मागील स्वराची दीर्घता दाखविणारी खूण होय, असा त्यातील एक विचार आहे. 'वाइफ', 'लाइफ' या शब्दांत मुळात 'ई' नव्हता; त्यांनाही तो खूण म्हणून लागला. त्याच पिढीतील एक इंग्रज, जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास आले, आणि त्यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे रोमन अक्षरांनी मराठी ओव्याही वाहिल्या आहेत. अक्षरे तीच, प्रत्येक भाषेने त्यांना लावून दिलेले नियम तेवढे निराळे. 'नामे' वाचणारे मूल मराठीच्या नियमाने इंग्रजी वाचीत असते. ते मूर्ख नसते.

आता नियम सांगतो. इंग्रजी स्वराक्षराला एक नाव असते व एक ध्वनी असतो. आपल्या 'क'चे नाव 'क' आणि ध्वनीही 'क'. म्हणून हा भेद आपल्या मुलांस नवा असतो, आणि तो कोणी सांगतही नाही. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हे घोकणे आपण सर्वांनी केले आहे. पण 'सी', 'ए', 'टी' ही नावे जोडून 'कॅट' कसे व्हावे? म्हणून आधी ध्वनी शिकवावे: कॅप, पिन, हॉप, कट. हे बिनचूक झाल्यावर शेवटी 'ई' ठेवावा. तो स्वतः गप्प राहतो, आणि एक व्यंजन ओलांडून मागच्या स्वराला स्वतःचे नाव उच्चारावयास लावतो. 'कॅप'चे 'केप' होते, 'पिन'चे 'पाइन', 'हॉप'चे 'होप', 'कट'चे 'क्यूट'. 'किट'चा 'काइट', म्हणजे पतंग झाला की मुले स्वतःच हसतात.

दूर उभे राहून काम करणारी खूण मराठी मुलास अपरिचित नाही. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी काढतो, व उच्चार मागाहून करतो. तिचे कोणास नवल वाटत नाही. आम्ही शिकविताना येथूनच आरंभ करितो.

एक अडचण मात्र खास आपली आहे. 'कॅप'मधला स्वर मूळच्या मराठीत नाही. आपले आजोबा 'क्याप' लिहीत, आणि कित्येक मुलांच्या तोंडी आजही 'कॅट' व 'केट' एकच असतात. ज्या कानास भेद ऐकू येत नाही, त्यास नियम सांगणे व्यर्थ आहे. म्हणून आधी आठवडाभर पाटी बाजूस ठेवावी. टोपीचे व झग्याचे अशी दोन चित्रे काढावी, 'कॅप' अथवा 'केप' म्हणावे, व मुलाने बोट ठेवावे. आयांनो, हे भाकऱ्या थापतानाही करता येते.

इंग्लंडच्या बालवर्गांत यास 'जादूचा ई' म्हणतात. आम्हांस हे नाव फारसे पसंत नाही. जादूचे कारण विचारावयाचे नसते, आणि मुलांनी कारण विचारावे अशीच आमची इच्छा आहे. पण तेथील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २०१२ सालापासून तेथे सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची वाचनपरीक्षा सुरू झाली. तिच्या चाळीस शब्दांपैकी वीस निरर्थक, केवळ रचलेले असत. पाठांतराने ते वाचता येत नाहीत. नियम समजला असेल तरच येतात. आपणही घरी असे शब्द रचावे: 'झॉप' आणि 'झोप'. शेवटच्या शब्दावर आमच्याकडील मुले जांभया देऊन दाखवितात.

आणि अपवाद? गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या एका मुलीने 'हॅव' हा शब्द 'हेव' असा वाचला, आणि आमच्या चेहऱ्याकडे पाहून हात मागे घेतला. त्या हाताने आम्हांस आमच्या छड्या आठवल्या. आम्ही तिला सांगितले, "बाळ, तू नियम बरोबर लावलास. इंग्रजीत 'व्ही' हे अक्षर शब्दाच्या शेवटी एकटे ठेवण्याची रीत नाही. म्हणून येथे 'ई' नुसता सोबतीस उभा आहे." तिने विचारले, "मग 'गिव्ह'मध्येही?" होय, तेथेही. 'कम', 'सम', 'लव्ह' यांची कथा निराळी आहे. जुन्या लेखनिकांच्या उभ्या रेघांच्या अक्षरांत 'यू' ओळखू येईना, म्हणून तेथे 'ओ' लिहिण्याची रीत पडली, असे सांगतात. एवढे सारे मुलास सांगावयास नको. असे दहाबारा शब्द निराळ्या कागदावर लिहून भिंतीस लावावे, आणि नियमाच्या शब्दांत ते मिसळू नयेत.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. जे ओझे पूर्वी दहाअकरा वर्षांच्या मुलाकडे असे, ते सहा वर्षांच्या मुलाकडे आले. पालकांनी शिकवणीवर खर्चही वाढविला. त्यातील पुष्कळसा आम्हांस अनाठायी वाटतो, हे येथे बसलेल्या शिकवणीवाल्यांची क्षमा मागून सांगतो.

दाराजवळच्या मेजावर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर तीन अक्षरांचा एक शब्द आहे, आणि शेवटचा भाग मागे दुमडलेला आहे. तो उलगडला की 'ई' पुढे येतो. दुमडलेले असता मुलाने वाचावे, उलगडून पुन्हा वाचावे. एका बैठकीस पाचांहून अधिक शब्द घेऊ नयेत. जाताना प्रत्येक घराने एक जुडगा न्यावा. ज्यांच्या घरी मूल 'नामे' असे वाचील, त्यांनी आधी त्याला चॉसरची गोष्ट सांगावी, आणि मग पट्टी काढावी.