मिटलेल्या तंट्याची मोजणी



कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९८५ साली तरुणांना घेऊन ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. त्यांच्या या कर्मभूमीत, वरोऱ्यात, शांततेच्या कामाचा हिशेब मांडायला तंटामुक्त समित्या, ग्रामसभा, बचत गटांतून आपण जमलो, याचा आम्हां वरोरेकरांना आनंद आहे.

१५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावातच सामोपचाराने मिटावा, हा तिचा मोलाचा विचार. नोंदवह्या आल्या, गुण आले, बक्षिसेही आली. पण मिटलेल्या तंट्यांवर बक्षीस ठरू लागले की मिटवण्याची घाई होते. समजा, शेताच्या धुऱ्याच्या वादात एका विधवेने माघार घेतली आणि कागदावर अंगठा दिला. तिला ते पटले होते, की चारचौघांपुढे तिचे काही चालले नाही? पुढच्या पेरणीला ती त्या शेतात निर्धास्त उतरते का? नोंदवहीतला ‘मिटला’ हा शेरा याचे उत्तर देत नाही.

काटेकोर मोजणी शिकायला आपल्याला लांब जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि तुलनेसाठी ४७ गावांतलेही जन्म-मृत्यू नोंदवले. म्हणूनच अशा काळजीने नवजात बाळांचे मृत्यू घटतात, हा १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष जगाने मानला.

शांतता मोजणे याहून अवघड, हे मान्य. तरीही कामाआधीची स्थिती नोंदवता येते, तुलनेची गावे ठेवता येतात, वर्षाने परत जाता येते. बाईला एकटीला, तिच्या गोंडी किंवा माडिया भाषेत विचारता येते. नक्षलवादी आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेल्या गावात विचारणाऱ्यासोबत बंदूकधारी असेल, तर खरे उत्तर मिळायचे नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. आणि जे हाती येईल ते आधी त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावे; गावाच्या उपयोगी पडत नाही, ते मूल्यमापन कसले?

माझी एकच विनंती आहे. यशाबरोबर फसलेली कामेही इथे मोकळेपणाने मांडा. पुढच्या गावाला त्यांचाच आधार होईल.