तोंडी परीक्षेतले दोन गुण

पस्तीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवले. त्या काळात एका विद्यार्थ्याचे दोन गुण मी चुकीने कापले, ते अजून बोचतात. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. पण आधी बेंझिनच्या घरात डोकावायला हवे.

बेंझिन म्हणजे सहा कार्बन अणूंचे कडे. फॅरडेने १८२५ मध्ये ते दिव्याच्या वायूपासून उरणाऱ्या तेलकट द्रवातून वेगळे केले आणि केकुलेने १८६५ मध्ये त्याची कड्याची रचना मांडली. या कुळाला ॲरोमॅटिक, म्हणजे सुगंधी म्हणतात. ज्याने ॲनिलिनचा वास घेतला आहे, तो हे नाव ऐकून हसेल! या कड्यावर फिरणारे सहा इलेक्ट्रॉन सहाही अणूंच्या सामाईक मालकीचे. एकत्र कुटुंबाची जमीन जशी सहजी मोडली जात नाही, तसे हे कडेही. ब्रोमीनचे पाणी ओता, बेंझिन ढिम्म हलत नाही. त्याला निव्वळ ब्रोमीन आणि सोबत लोखंडाचा कीस लागतो. पण त्याच कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवून फिनॉल केले, की ब्रोमीनच्या पाण्याने क्षणात पांढरा साका बसतो. एका दमात तीन ब्रोमीन अणू चिकटतात.

असे का? ऑक्सिजन आपले मोकळे इलेक्ट्रॉन कड्याकडे सरकवतो आणि चाल करून येणाऱ्या कणाला इलेक्ट्रॉनचीच भूक असते. नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात हा भुकेला कण म्हणजे धनभारित नायट्रोनियम. त्याच्यापुढे टोल्युइन बेंझिनपेक्षा सुमारे २५ पट वेगाने बळी पडते. उलट नायट्रोबेंझिनचा नायट्रो गट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून ते बेंझिनपेक्षा एक कोटी पटींहून अधिक मंद.

जागेचेही तसेच. गटाच्या शेजारची जागा ऑर्थो, एक सोडून मेटा, समोरची पॅरा. टोल्युइनमध्ये नवा पाहुणा मुख्यतः ऑर्थो-पॅराला बसतो, मेटाला शेकडा तीन-चारच. नायट्रोबेंझिनमध्ये मात्र शेकडा ९३ मेटाला. पाहुणा बसला की कड्यावर क्षणभर धनभार येतो. पाहुणा ऑर्थोला किंवा पॅराला बसला, तर तो भार जुन्या गटाच्या पायथ्याशी पोचतो. मिथिल गट तो सावरतो. नायट्रो गटाला तो सोसवत नाही. मेटा ही नायट्रोबेंझिनची आवडती जागा नव्हे, त्यातल्या त्यात कमी त्रासाची.

तर एका वर्षी मी दुसऱ्या महाविद्यालयात बहिःस्थ परीक्षक होतो. तोंडी परीक्षेत एका मुलाला विचारले, "ॲनिलिनवर आम्लांचे मिश्रण घातले तर नायट्रो गट कुठे जाईल?" अमिनो गट इलेक्ट्रॉन देणारा; उत्तर ऑर्थो-पॅरा. मुलगा चाचरत म्हणाला, "सर, मेटालाही बरंच येईल." मी विचारले, "का?" "आम्ल आहे ना, सर." पुढे त्याला बोलता येईना आणि मलाही थांबायला वेळ नव्हता. दोन गुण कापले.

काही महिन्यांनी व्याख्यानाची तयारी करताना आकडे समोर आले. ॲनिलिनच्या थेट नायट्रेशनमध्ये काळपट डांबर बरेच होते. पण जे नायट्रोॲनिलिन मिळते, त्यात पॅरा शेकडा ५१, मेटा ४७ आणि ऑर्थो जेमतेम २. आम्लात शिरताच अमिनो गट एक प्रोटॉन उचलतो आणि धनभारित होतो. त्याचे मोकळे इलेक्ट्रॉन अडकतात. देणारा घेणारा बनतो. मी फळ्यावर जे ॲनिलिन काढत होतो, ते चंबूत जवळजवळ उरलेलेच नव्हते. म्हणूनच तर अमिनो गटाला आधी ॲसिटिल गटाचे पांघरूण घालतात, मग नायट्रो गट बसवतात आणि शेवटी पांघरूण काढून रंगधंद्याला लागणारे पॅरानायट्रोॲनिलिन मिळवतात. ते ॲसिटॅनिलाइड मी दर वर्षी मुलांकडून करवून घेत असे. हात करत होते, डोके नव्हते.

गुणपत्रके केव्हाच गेली होती. बहिःस्थ परीक्षकापुढे असतो तो फक्त बैठक क्रमांक, नाव नसते. त्यानंतर मी तो प्रश्न दर वर्षी विचारत राहिलो आणि 'का' विचारल्यावर थांबू लागलो.

तो मुलगा आता चाळिशीपुढचा असेल. कुठे ऐकत असेल तर त्याला सांगतो, बाबा रे, तुझे उत्तर बरोबर होते.