कोरोनाच्या रुग्णांतील पूरक प्रणाली : काळ, स्थळ आणि मोजमाप



कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात ८० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि सुमारे १ लाख ४८ हजार माणसे दगावली. जे रुग्ण गंभीर झाले त्यांची प्रकृती बहुधा आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नाकाघशातील विषाणूचे प्रमाण ओसरू लागल्यावर ढासळत असे, हे त्या काळात वॉर्डात राबलेल्या डॉक्टरांनी पाहिले आहे. विषाणू माघार घेत असताना रुग्ण का खालावतो, या प्रश्नाला तेव्हा ‘सायटोकाइन स्टॉर्म’, म्हणजे दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचा पूर, हे एक ठोकळेबाज उत्तर दिले जाई आणि वर्तमानपत्रांतून ते घरोघरी पोहोचलेही. परंतु रक्तातील ज्या प्रथिनांचा या पडझडीत मोठा वाटा असल्याचे दिसून आले, त्या पूरक प्रणालीचे, डॉक्टरांच्या बोलण्यातल्या ‘कॉम्प्लिमेंट’चे, नाव वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाराबाहेर फारसे कोणाच्या कानी पडले नाही.

या प्रणालीचा शोध पटकीच्या जंतूंवरील प्रयोगांतून लागला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे बेल्जियन शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी १८९५ च्या सुमारास असे दाखवले की, जंतू टोचलेल्या प्राण्याचा रक्तरस ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याची जंतू फोडण्याची क्षमता नाहीशी होते, पण जंतू कधीच न टोचलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस त्यात थोडा मिसळला की ती परत येते. याचा अर्थ रक्तरसात दोन घटक असतात. एक उष्णतेला टिकणारा आणि विशिष्ट जंतूसाठीच तयार झालेला, ज्याला आज प्रतिपिंड किंवा अँटिबॉडी म्हणतात, आणि दुसरा उष्णतेने नष्ट होणारा, सर्वांच्याच रक्तात मुळात असलेला पूरक घटक. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 

पूरक प्रणालीत तीसहून अधिक प्रथिने आहेत. त्यांतील बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या द्रव भागात, निष्क्रिय अवस्थेत फिरत राहतात. इशारा मिळताच एक प्रथिन दुसऱ्याला कापते, कापले गेलेले प्रथिन स्वतःच कापणारे विकर बनते आणि तिसऱ्याला कापते, अशी ही साखळी आहे. इशारा मिळण्याचे मार्ग तीन. अभिजात मार्ग जंतूला चिकटलेल्या प्रतिपिंडांमुळे सुरू होतो. लेक्टिन मार्ग जंतूच्या पृष्ठभागावरील शर्करा ओळखणाऱ्या प्रथिनांमुळे, ज्यांच्या जोडीला मास्प-२ नावाचे विकर असते. तिसऱ्या, पर्यायी मार्गाला मात्र बाहेरच्या इशाऱ्याची गरजच नसते. सी३ हे या प्रणालीतील मध्यवर्ती प्रथिन, ज्याचे प्रमाण रक्तद्रवात लिटरमागे साधारण १ ते १.५ ग्रॅम असते, पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेने सतत थोडेथोडे आपोआप उघडत असते, आणि त्यामुळे हा मार्ग राखेखालच्या निखाऱ्यासारखा अहोरात्र धुमसत राहतो. क्लीव्हलंडच्या लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये प्रॉपर्डिन या प्रथिनाच्या आधारे या मार्गाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावर इतकी टीका झाली की ती मोडीत निघाल्यासारखीच झाली. पिलेमर १९५७ मध्ये वारले आणि त्यांचे म्हणणे मान्य व्हायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. कोरोनाच्या अभ्यासात नेमका हाच मार्ग पुढे यावा, ही त्यांच्या वाट्याला आलेली उशिराची भरपाई म्हणावी लागेल.

तिन्ही मार्ग सी३ पाशी एकत्र येतात. सी३ कापले गेले की सी३बी हा तुकडा जंतूच्या अंगाला चिकटून भक्षक पेशींना त्याची ओळख पटवतो, तर सी३ए दाह वाढवतो. पुढे सी५ कापले जाते. त्यातील सी५ए हा तुकडा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना जोराने खेचून आणतो, आणि सी५बी हा तुकडा सी६ ते सी९ या प्रथिनांना सोबत घेऊन सी५बी-९ नावाची जोडणी उभी करतो, जी पेशीच्या पटलाला आरपार भोक पाडते. हे भोक जंतूला पडते तसे शरीराच्या स्वतःच्या पेशीलाही पडू शकते, कारण साखळीच्या पुढच्या टप्प्यांना आपले कोण आणि परके कोण हे कळत नाही. तो भेद राखण्याचे काम नियंत्रक प्रथिनांकडे असते. त्यांतील फॅक्टर एच हे प्रथिन रक्तात फिरता फिरता आपल्या पेशींवरील हेपरान सल्फेट या शर्करासाखळीला ओळखून तिथे टेकते आणि तिथला सी३बी निकामी करण्यास मदत करते.

कोरोनाच्या साथीचा सार्स-कोव्ह-२ विषाणू आडवा येतो तो इथेच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट ब्रॉडस्की यांच्या गटाने २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दाखवले की, विषाणूचे स्पाइक प्रथिन त्याच हेपरान सल्फेटवर जाऊन बसते, फॅक्टर एचला तिथे जागा मिळेनाशी होते आणि पर्यायी मार्ग पेशीच्याच पृष्ठभागावर मोकाट सुटतो. स्पाइकवरील शर्करा लेक्टिन मार्गालाही जाग आणतात, आणि दुसऱ्या आठवड्यात प्रतिपिंडे तयार होऊ लागली की अभिजात मार्गाची त्यात भर पडते. म्हणजे ज्या सुमारास रुग्णाचे शरीर विषाणूवर मात करू लागलेले असते, त्याच सुमारास तिन्ही मार्ग एकाच वेळी खुले होण्याची शक्यता निर्माण होते.

तरीही रुग्णाच्या रक्तात पूरक प्रणाली जागृत सापडणे आणि तिनेच फुप्फुसाची हानी केलेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आग लागलेल्या घरात बंब सापडला म्हणून त्याने आग लावली असे कोणी म्हणत नाही. कार्यकारणाचा हा पेच सोडवणारा सर्वांत बोलका पुरावा कोविडच्याही आधीचा, २०१८ मधला आहे. अमेरिकेत ग्रॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सार्स विषाणूचा उंदरांशी जुळवून घेतलेला प्रकार दोन तऱ्हेच्या उंदरांना दिला. एका गटात सी३ नेहमीसारखे होते, दुसऱ्या गटात सी३ चे जनुकच नव्हते. सी३ नसलेल्या उंदरांचे वजन कमी घटले, त्यांच्या फुप्फुसात न्यूट्रोफिल कमी शिरले आणि ऊतींची हानीही कमी झाली. त्या प्रयोगातला कळीचा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे, आणि त्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो: दोन्ही गटांच्या फुप्फुसांतील विषाणूचे प्रमाण सारखेच होते. सी३ असल्याने विषाणू कमी झाला नाही आणि नसल्याने वाढला नाही. फरक पडला तो केवळ फुप्फुसाच्या नुकसानीत.

माणसांतील पुरावा याच दिशेचा निघाला. न्यूयॉर्कमध्ये सिंथिया मॅग्रो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पाच गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांचे व त्वचेचे नमुने तपासले, तेव्हा केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, भिंतींवर सी५बी-९, सी४डी आणि मास्प-२ यांचे थर आढळले. नॉर्वेतील रुग्णांत रक्तातील विद्राव्य सी५बी-९ चे प्रमाण श्वसन निकामी होण्याशी निगडित दिसले, आणि मार्सेच्या अभ्यासात आजार जितका गंभीर तितका सी५ए अधिक असे आढळले. सी५ए न्यूट्रोफिलांना नुसते बोलावत नाही. त्याच्या चिथावणीने त्या पेशी आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्या जाळ्यावर रक्त गोठवणारा टिश्यू फॅक्टर असतो, आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात. साथीच्या काळात डी-डायमर हा गुठळ्यांची खूण सांगणारा शब्द ज्या घरांनी धास्तीने ऐकला, त्या अहवालातील वाढत्या आकड्यामागे या साखळीचाही हात होता.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा त्या काळातला परवलीचा शब्द या संदर्भात पुन्हा तपासण्यासारखा आहे. काढ्यांपासून महागड्या गोळ्यांपर्यंत सर्व काही त्या नावाने खपले, आणि प्रतिकारशक्ती ही जणू एकाच दिशेने कमीजास्त होणारी वस्तू आहे असा समज त्यातून पक्का झाला. गंभीर रुग्णाच्या फुप्फुसात चाललेला प्रकार याच्या अगदी उलट होता: तिथे संरक्षणाची कमतरता नव्हती, त्यावरचे नियंत्रण सुटलेले होते.

मग नियंत्रण बाहेरून आणून द्यावे, हा विचार स्वाभाविक होता आणि औषधेही हाताशी होती. सी५ ला अडवणारे एक्युलिझुमॅब २००७ पासून एका दुर्मीळ रक्तविकारासाठी वापरात होते. त्याचेच दीर्घकाळ टिकणारे रूप असलेल्या रॅव्ह्युलिझुमॅबची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी कोविडच्या गंभीर रुग्णांवर सुरू झाली, परंतु लाभ दिसेना म्हणून २०२१ च्या जानेवारीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. व्हिलोबेलिमॅब या प्रतिपिंडाची कहाणी अधिक बोधक आहे. ते सी५ ला हात लावत नाही, त्यापासून निघालेल्या सी५ए ला तेवढे पकडते, त्यामुळे दाहाचा इशारा दबतो पण जंतूंना भोक पाडणारी सी५बी-९ ची जोडणी शाबूत राहते, आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णाला दुसरा जंतुसंसर्ग कधीही गाठू शकत असल्याने ही गोष्ट लहान नव्हे. व्हेंटिलेटरवर नुकत्याच ठेवलेल्या ३६८ रुग्णांच्या चाचणीत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात सुमारे ३२ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ४२ टक्के होते. मात्र रुग्णालयनिहाय विभागणी करून आधीच ठरवलेल्या पद्धतीने हिशेब केला असता हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला पुरता उतरला नाही, आणि विभागणी बाजूला ठेवली तर उतरला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला आपत्कालीन वापराची परवानगी दिली. ती योग्यच होती असे या व्यासपीठावरून म्हणता येईल, परंतु वाद मिटला असे म्हणता येणार नाही.

या चाचण्यांचे मुख्य वैगुण्य औषधांपेक्षा निवडीत आहे. रुग्ण निवडले गेले ते प्राणवायूची गरज आणि व्हेंटिलेटर पाहून. ज्याला सी५ए अडवणारे औषध दिले जात आहे त्याच्या रक्तात सी५ए वाढलेले आहे की नाही, हे पाहूनच औषध द्यावे असा दंडक नव्हता. परिणामी काहींची पूरक प्रणाली मुळात शांत असताना, तर काहींची हानी होऊन गेल्यावर औषध दिले गेले असण्याचा संभव आहे. हा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे म्हणावा असाच झाला. त्यात आणखी एक अडचण अशी की, रक्त सगळी गोष्ट सांगत नाही: २०२१ मधील एका अभ्यासात विषाणूबाधित श्वसनपेशी स्वतःच सी३ तयार करून पेशीच्या आत कापतात असे दिसले, आणि रक्सोलिटिनिब या औषधाने ती क्रिया आवरली गेली.

मोजमापाचा तपशील रटाळ वाटेल, पण सारे गाडे तिथेच अडते. रुग्णालयांत पूरक प्रणालीची तपासणी म्हणून सी३ आणि सी४ यांची एकूण पातळी पाहिली जाते. ल्युपस आणि मूत्रपिंडाच्या विकारांत ती उपयोगी आहे. परंतु कोविडसारख्या आजारात ती दिशाभूल करू शकते: दाह वाढला की यकृत सी३ अधिक बनवते, तेव्हा एकीकडे सी३ भराभर खर्च होत असूनही अहवालातील आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. खर्च किती झाला हे कळायचे तर कापले गेलेले तुकडे, म्हणजे सी३ए, सी५ए आणि विद्राव्य सी५बी-९, मोजावे लागतात, आणि हे तुकडे नमुना घेतल्यावर नळीतही तयार होत राहतात. म्हणून रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचे, जेणेकरून कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधले जाऊन साखळी थांबेल. नळी बर्फात ठेवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये रक्तद्रव लवकर वेगळा करायचा, लहान भागांत विभागून उणे ८० अंशांवर गोठवायचा आणि पुन्हा पुन्हा वितळू द्यायचा नाही. दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिलेल्या नळीतून येणारा आकडा रुग्णाचा नसतो, त्या टेबलाचा असतो.

असे काम महाराष्ट्रात होऊ शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. सी३ ला अडवणारे कॉम्पस्टॅटिन हे छोटे पेप्टाइड १९९६ मध्ये ज्या शोधनिबंधाने जगापुढे आले, त्याचे पहिले लेखक अरविंद साहू यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, विषाणू पूरक प्रणालीला कसे चकवतात याचा दीर्घ अभ्यास केला. त्याच पेप्टाइडच्या वंशातील एएमवाय-१०१ हे औषध २०२० मध्ये इटलीत कोविडच्या रुग्णाला दिले गेले. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतही प्रतिकारप्रणालीच्या विकारांच्या तपासण्या होतात. ज्ञान आहे, माणसे आहेत. तालुक्याच्या रुग्णालयापासून तिथपर्यंत बर्फातून नमुना पोहोचवणारी सोय तेवढी उभी राहायची आहे.

हा प्रश्न साथ ओसरल्याने संपलेला नाही. झुरिकच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की, ज्यांना सहा महिन्यांनंतरही थकवा, धाप अशा तक्रारी राहिल्या त्यांच्या रक्तात पूरक प्रणालीचा बिघाड आणि रक्त गोठण्याच्या खुणा टिकून होत्या. आपल्याकडे २०२० आणि २०२१ मधील रुग्णांचे जे नमुने शीतपेट्यांत आहेत, त्यांतील कोणत्या नळीत ईडीटीएचा रक्तद्रव आहे, कोणत्यात ईडीटीएशिवाय, रक्त गोठू देऊन वेगळा केलेला नुसता रक्तरस आहे आणि वीज गेली तेव्हा कोणत्या शीतपेटीचे तापमान चढले होते, याची यादी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आधी करावी. जिथे रक्तरसच साठवला गेला तिथे प्रतिपिंडे मोजता येतील; सी५बी-९ चा हिशेब त्या नळ्यांतून लागणार नाही.