अनुभव लिहिताना



ब्रह्मपुरीच्या विद्यार्थ्यांनो, तुमची नाटकं आणि नाच थोड्या वेळात सुरू होतील. त्याआधी मला निबंधाबद्दल बोलायचं आहे. स्पर्धांच्या निमित्ताने ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ या विषयावरचे मुलांचे निबंध मी वाचत आलो आहे. त्यांत समुद्रावरचा सूर्यास्त असतो, थंड हवेच्या ठिकाणची सहल असते. तुमची वैनगंगा नदी क्वचित दिसते. 2020 च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं, तुमच्याच तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पूर शिरला, उभा धान बुडाला. तेव्हा तुम्ही लहान होतात, पण आठवत असेल. घर सोडताना आईने आधी काय उचललं? गोठ्यातली जनावरं कोणी सोडली? पाणी ओसरल्यावर धानाच्या बांधीवर पहिल्यांदा गेलेले वडील घरी येऊन काय बोलले, की बोललेच नाहीत? मला हे वाचायचं आहे.

असं लिहायचं कसं, हे दाखवणारं पुस्तक वैनगंगेपलीकडच्या जिल्ह्यात लिहिलं गेलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. खेड्यांतली बाळं का दगावतात, याचा त्यांनी घरोघरी शोध घेतला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांवर घरीच उपचार करता येतात, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मधल्या काळात, 1995 साली, अभय बंगांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. राजहंस प्रकाशनाचं हे पुस्तक महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं.

हृदयविकाराचा झटका लाखो लोकांना येतो. मग हेच पुस्तक एवढं का वाचलं गेलं? माझं उत्तर असं : दुसऱ्यांच्या घरातल्या मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या डॉक्टरने तीच शोधाची सवय स्वतःवर वापरली. हे मला का झालं? मी काय खात होतो, व्यायाम का करत नव्हतो, मनावर कसला ताण वागवत होतो? मृत्यू समोर दिसला तेव्हा मला कशाची भीती वाटली? झटक्याची हकिगत पुस्तकात लवकर संपते आणि पुढची पानं या प्रश्नांची आहेत. त्यांत डॉक्टर स्वतःला सोडत नाहीत. आपण आजारी पडलो ही घटना झाली. आजाराने आपल्याला काय दाखवलं हे शोधायला लागलो की निबंध सुरू होतो.

कोणी म्हणेल, ते मोठे डॉक्टर, आम्ही विद्यार्थी. मग मुक्ता साळवे हे नाव लक्षात ठेवा. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी. 1855 साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या वस्तीत बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने लिहिलं, आणि ज्या धर्मात आम्हाला जागा नाही तो आमचा कसा, असं थेट विचारलं. तिने हे पुस्तकातून घेतलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. शाळेत शिकणाऱ्या मुलीचा तो निबंध आज महाराष्ट्र पुन्हा पुन्हा वाचतो.

ब्रह्मपुरीत राहणाऱ्याला अनुभवांची वाण नाही. उन्हाळ्यात तुमच्या गावाचं तापमान राज्याच्या बातमीत असतं. मोहफूल वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायकांच्या वाटेवर वाघ असतो. कोणावर हल्ला झाला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. दुसऱ्या दिवशी त्या घरी चूल पेटवायला सरपण कोणी आणलं, त्याच वाटेने पुन्हा कोण गेलं आणि का जावं लागलं, हे त्या चार ओळींत नसतं. ते शेजारच्या मुलीला माहीत असतं. तिने ते लिहावं. फक्त दुःख दुसऱ्याच्या घरचं असेल तर आधी त्या घराला विचारावं, आणि ते नको म्हणाले तर वही मिटावी. याबाबतीत मी कठोर आहे.

आणखी एक. भावनेचे मोठमोठे शब्द टाळा. तुम्ही झाडीपट्टीची माणसं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत, शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या वेळी रात्ररात्र नाटक पाहणारा इथला प्रेक्षक खोटं रडणं लांबून ओळखतो. कागदावरचंही तसंच ओळखू येतं. ‘माझे अंतःकरण हेलावून गेले’ असं लिहिण्यापेक्षा तेव्हा हात काय करत होते ते लिहा. आणि शेवटी ‘या प्रसंगातून मला शिकायला मिळाले की’ हे वाक्य जोडू नका. काही प्रसंगांतून काय शिकलो ते दहा वर्षांनी कळतं, काहींतून कधीच कळत नाही. कळलं नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहिता येतं.

प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे. मुलाने रोवणा, परे, बांधी, बोडी असे इथल्या धानशेतीतले शब्द लिहिले तर लाल शाईने खोडू नका. तो चिखलात उभा राहून आलेला आहे, त्याला त्याच्या घरच्या भाषेत लिहू द्या. गुण शुद्धलेखनाला द्या, पण खरेपणालाही द्या.

विद्यार्थ्यांनो, महाविद्यालयाच्या पुढच्या वर्षीच्या वार्षिकांकासाठी प्रत्येकाने एकच प्रसंग निवडा. तो मोठा नसला तरी चालेल, तुमचा असला पाहिजे. पहिला मसुदा सुट्टीतच लिहा, महिनाभर ठेवून द्या, मग पुन्हा वाचा आणि जे दुसऱ्या कोणाचं वाटेल ते काढून टाका. उरेल ते संपादकांकडे द्या. एक प्रत मलाही पाठवा, मी प्रत्येक निबंध वाचेन.