विद्यार्थ्याचा जमाखर्च
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी बरेचजण आता शिक्षणासाठी घर सोडून परगावी जातील. अभ्यास कसा करावा हे त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून मी एका रूक्ष विषयावर, म्हणजे जमाखर्चावर, चार शब्द बोलणार आहे.

एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून अथवा वार लावून शिकत. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वकष्टाने शिकण्याचा मार्ग बहुजनांस दाखविला. १९५५ साली पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली. त्या काळच्या विद्यार्थ्याजवळ पैसा नव्हता. पण नसलेला पैसा खर्च करण्याची सोयही नव्हती. आज ती सोय खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. नोट मोडताना हात थबकतो. पडद्यावर बोट टेकताना तो थबकत नाही.

समजा, घरून दरमहा ८,००० रुपये येतात. खोलीचे २,५००, खानावळीचे ३,५००, प्रवासाचे ५०० आणि वह्यापुस्तकांचे ५०० वजा जाता १,००० उरतात. त्यांतील ५०० आजारपणासाठी पहिल्याच दिवशी बाजूस काढावेत. उरलेल्या ५०० चे चार आठवड्यांत चार भाग केले, तर आठवड्यास १२५ रुपये पडतात. आकडे ज्याचे त्याने बदलावेत, क्रम मात्र बदलू नये. उरले तर शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही.

आता कर्जाविषयी. दरमहा ३ टक्के हा आकडा लहान दिसतो. परंतु थकलेले व्याज मुद्दलात मिळत गेले, तर १०,००० रुपयांचे वर्षअखेर १४,२५० हून अधिक होतात.

माझ्या परिचयातील एका मुलाने मोबाईलवरून असे ४,००० रुपये उचलले. घरी मात्र तो 'सारे ठीक आहे' असेच सांगत राहिला. शेवटी वसुली करणाऱ्या परक्या माणसाच्या तोंडून वडिलांना ते कळले. वडील म्हणाले, "चार हजार मी कसेही उभे केले असते. पोर एक वेळ उपाशी राहत होता, हे मला कुणी सांगितले नाही." मित्रांनो, त्या मुलास उधळेपणाने बुडविले नाही; लाजेने बुडविले.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे की, गुणांबरोबर मुलांच्या खर्चाचीही चौकशी करा; पण ती न्यायाधीश होऊन करू नका. मंडळाच्या चालकांसही सुचवावेसे वाटते की, अडलेल्या विद्यार्थ्यास नाव गुप्त राखून लहानशी बिनव्याजी रक्कम देण्याची तजवीज करावी. सत्काराची शाल वर्षातून एकदा उपयोगी पडते. असा आधार महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस उपयोगी पडतो.

आणि विद्यार्थ्यांनो, आजच एक कोरी वही विकत घ्या. तिच्या पहिल्या पानावर त्या वहीचीच किंमत लिहा. हिशेब तेथून सुरू होतो.