‘उद्या बघू’ नावाचा आजार

(वसंत व्याख्यानमालेत एका पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कुत्रं टेबलावर ठेवलं की मी पहिला प्रश्न विचारतो, “कधीपासून?” उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. “झाले तीन-चार दिवस. म्हटलं, उद्या बघू.” आजचं व्याख्यान या ‘उद्या’वर आहे. कुठे उद्यापर्यंत थांबलं तर चालतं आणि कुठे तासभरही थांबायचं नाही, एवढंच सांगणार आहे.

त्यासाठी आधी ठणठणीत कुत्रं कसं असतं ते ठाऊक हवं. नाक थंड म्हणजे तब्येत उत्तम, हे आपलं पाठ झालेलं वाक्य विसरा. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाक कोरडं असू शकतं आणि तापातल्या कुत्र्याचं ओलं. अंगाला हात लावूनही काही कळत नाही, कारण त्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट, आपल्या हाताला ते कायम कोमटच लागणार. ताप मोजायचा तो थर्मामीटरने, गुदद्वारातून. दुसरी खूण हिरड्यांची. वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. तिसरी खूण श्वासाची. गाढ झोपेत छाती मिनिटाला तीसपेक्षा कमी वेळा वरखाली होते. हे सगळं ते बरं असताना बघून ठेवा, म्हणजे बिघडलेलं ओळखू येतं.

आता थांबण्यासारखं काय? मोठं कुत्रं एकदा ओकलं, पण पाणी पितंय, शेपूट हलवतंय, तर एक वेळचं जेवण चुकवून मऊ भात द्या आणि लक्ष ठेवा. गवत खाल्लं म्हणूनही घाबरू नका. ही सवलत पिल्लांना मात्र नाही. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मलूल होऊन ओकायला लागलं, शीतून रक्त पडू लागलं आणि तिला विचित्र उग्र वास येऊ लागला, तर पार्व्होची शंका घेऊन त्याच पावली निघायचं. या रोगात पिल्लू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी संपल्यामुळे आणि रक्तात जंतू शिरल्यामुळे. वेळेवर सलाईन लागलं तर पुष्कळशी वाचतात. पार्व्होचा विषाणू चिवट आहे, घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो. म्हणून एक पिल्लू गेलं की लगेच त्याच जागी दुसरं आणू नका. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची असते. ‘एक दिली होती’ असं सांगून चालत नाही.

आपल्याकडे वर्षभर भेटणारा शत्रू गोचीड. एकदा एक आजोबा त्यांचं पॉमेरेनियन घेऊन आले. वरवर त्याला काहीच झालेलं दिसत नव्हतं. आजोबा म्हणाले, “मी बाहेरून आलो की हा दाराशी येतो. काल जागेवरूनच शेपूट हलवली, उठला नाही.” रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली आलेल्या, गोचिडताप निघाला. आजोबांनी ओळखलं ते माझ्या यंत्राच्या आधी. भूक मंदावणं, फिकट हिरड्या, पोटावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त ही पुढची लक्षणं. त्यांची वाट पाहिलीत तर उपचार अवघड होतात. औषध साधारण चार आठवडे चालतं आणि चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं तरी बंद करायचं नसतं. गोचीड काढताना कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, नखाने चिरडणं हे प्रकार नकोत. आणि कुत्र्याइतकंच भिंतीच्या फटींकडे बघा. मादी गळून पडते आणि तिथे हजारांनी अंडी घालते.

आता उन्हाळ्यातला धोका, उष्माघात. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो. अंग थंड करायचं ते धापा टाकून. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. दुपारचं फिरणं, बंद मोटार, गच्चीवरचं बांधणं यातून ते कोसळतं. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, पाय लटपटते दिसले की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात आणा. येताना वाटेतही पाणी ओतत राहा.

आणखी तीन प्रसंगांत ‘उद्या’ नाही. मोठ्या छातीचं कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय, बाहेर काही येत नाही आणि पोट फुगत चाललंय: जठराला पीळ पडलेला असू शकतो. नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिते, जेवत नाही: गर्भाशयात पू झालेला असू शकतो, स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. नर वारंवार पाय उचलतो आणि लघवी होत नाही: मार्ग तुंबलेला आहे.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नका. “अर्धीच गोळी दिली हो, तापाची,” असं सांगणारे भेटतात. आपल्या पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेननं कुत्र्याचं यकृत, जठर, मूत्रपिंड बिघडू शकतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हेही विषच. काही चुकून खाल्लंच, तर वेष्टन घेऊन या.

शेवटी रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही भरू नका आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याला पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता घरी जाल तेव्हा दाराशी कोण येतं ते बघा. आलं, तर खाली बसा, त्याचा ओठ उचला आणि हिरड्यांचा रंग लक्षात ठेवा. आणि एखाद्या दिवशी ते दाराशी आलं नाही, तर उद्या बघू म्हणू नका.