शेतातील नाण्यांची साक्ष

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



महाराष्ट्रातील खेड्याच्या जमिनीचे दोन भाग परंपरेने मानले गेले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. कालौघात अनेक गावे उठली, नदीकाठ सोडून दूर वसली आणि जुन्या पांढरीवर नांगर फिरू लागला. पहिला पाऊस पडून गेला की अशा टेकाडावर खापरांचे तुकडे, मणी, क्वचित एखादे नाणे उघडे पडते, हे गावोगावचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या पाहत आले आहेत. बँका नव्हत्या त्या काळी माणसे आपली पुंजी मडक्यात किंवा तांब्यात घालून जमिनीत पुरून ठेवीत. परचक्र, दुष्काळ, साथीचा रोग अशा एखाद्या आपत्तीत धनी दगावला की ते मडके तसेच राही. आजचा ट्रॅक्टर पूर्वीच्या लाकडी नांगरापेक्षा खोल जातो आणि ते मडके फोडून वर आणतो.

याच शेतात आता आणखी एक साधन येऊ लागले आहे. ते म्हणजे धातुशोधक यंत्र, मेटल डिटेक्टर. त्यामुळे एक प्रश्न पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. जमिनीतून वर येणारी ही वस्तू सराफाच्या मुशीत जाणार, चोरट्या बाजारात जाणार की देशाच्या इतिहासात जाणार? या प्रश्नाचे उत्तर शेवटी संग्रहालयातील विद्वान देत नाहीत. ते शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस देतो.

यंत्राला काय कळते?

या यंत्राची कूळकथा मोठी आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असे उपकरण वापरून पाहिले; तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकांना हाती धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. युद्धानंतर अशी यंत्रे नागरिकांच्या हाती आली आणि युरोप-अमेरिकेत जुनी नाणी शोधण्याचा छंद फोफावला.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. खालच्या चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो आणि त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही प्रवाह उत्पन्न होतो, त्याची चाहूल यंत्राला लागते आणि ते आवाज देते. लोखंडाचा खिळा आणि चांदीचे नाणे यांतील फरक चांगल्या यंत्राला पुष्कळसा ओळखता येतो. मात्र नाण्याएवढी लहान वस्तू साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच कळते.

आता यंत्राला काय कळत नाही, तेही पाहिले पाहिजे. नाण्याशेजारचे खापर त्याला कळत नाही. मडक्याभोवतीची राख, जळलेले धान्य, घराची चोपलेली जमीन, मातीचे थर यांपैकी काहीही त्याला कळत नाही. पुरातत्त्वज्ञ मात्र काळ ठरवतो तो याच गोष्टींवरून. यंत्र वाजले, कुदळ मारली, नाणे उचलले आणि खड्डा बुजवला, की नाणे हाती येते आणि त्याचा दाखला कायमचा जातो.

इंग्लंडमधील दोन शेते

हा फरक किती मोठा आहे, हे इंग्लंडमध्ये २०१५ साली घडलेल्या दोन घटनांवरून कळते. त्या वर्षी जूनमध्ये हेरफर्डशायर परगण्यातील लेम्स्टरजवळच्या एका शेतात दोघा छंदिष्टांना व्हायकिंग काळातील ठेवा सापडला. त्यात सोन्याची अंगठी, सोन्याचे कडे, स्फटिकाचे लोलक आणि अंदाजे ३०० नाणी होती. त्यांनी शेतमालकाला सांगितले नाही, सरकारलाही कळवले नाही. नाणी गुपचूप विकण्यास सुरुवात केली. २०१९ साली ते दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. पण खटला उभा राहिला तोवर त्या नाण्यांपैकी जेमतेम तीसएक हाती लागली होती. बहुतेक नाण्यांचा पत्ता आजही नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टन येथे दुसऱ्या एका छंदिष्टाला त्याच काळातील ठेवा लागला. त्याने खोदकाम थांबवून अधिकाऱ्याला कळवले. तज्ज्ञांनी आजूबाजूच्या मातीसह तो ठेवा एकसंध ढेकळासारखा उचलला आणि प्रयोगशाळेत नेऊन हळूहळू उकलला. सुमारे २०० नाणी, चांदीची कडी आणि लगडी असा तो संचय २०१७ साली १३ लाख ५० हजार पौंडांना ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने मिळवला.

दोन्ही ठेव्यांत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा सीओलवुल्फ यांची नाणी होती. आल्फ्रेडच्या दरबारी परंपरेतील बखरीने या सीओलवुल्फला मूर्ख आणि व्हायकिंगांच्या हातचे बाहुले ठरवले होते. हजार वर्षे इंग्लंड तेच मानत आले. परंतु नाण्यांवरून दिसले की हे दोघे राजे एकाच घडणीची नाणी पाडत होते, म्हणजे ते एकमेकांचे सहकारी होते. विजेत्याच्या बखरीने ज्याला पुसून टाकले, त्याची बाजू शेतातल्या नाण्यांनी मांडली. वॉटलिंग्टनच्या शेतातली साक्ष पूर्ण नोंदली गेली. लेम्स्टरच्या शेतातली बहुतेक साक्ष चोरांनी नष्ट केली.

इंग्लंडमध्येही ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. १९८०च्या दशकात सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमनकालीन मंदिराची जागा चोरट्या शोधकांनी रात्री खणून लुटली. त्या अनुभवाने तेथील लोकमत जागे झाले आणि १९९६ साली नवा कायदा झाला. त्यानुसार ठेवा सापडल्यास १४ दिवसांत कळवावे लागते आणि संग्रहालयाने तो घेतल्यास बाजारभावाइतके बक्षीस मिळते. ते सामान्यतः शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जाते. जोडीला १९९७ पासून लहानसहान वस्तूंची स्वेच्छेने नोंद करून घेणारी योजना सुरू झाली. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी नेमले गेले आणि आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. शिक्षेचा धाक आणि प्रामाणिकपणाचे मोल ही दोन्ही चाके बरोबर असली, तरच असा गाडा चालतो.

जोगलटेंभीचे तेरा हजार साक्षीदार

महाराष्ट्राजवळ याहून मोठे उदाहरण आहे आणि ते यंत्राचे युग येण्यापूर्वीचे आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सापडला. नाण्यांची संख्या १३ हजारांहून अधिक होती. ती सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख. पण यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाचा ठसा पुन्हा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचे तीन कमानींचे चैत्यचिन्ह आणि गौतमीपुत्राचे नाव उमटवलेले होते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या नाण्यांचा अभ्यास करून तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित केले, असे ती माता त्यात अभिमानाने सांगते. आईने केलेली मुलाची स्तुती म्हणून कोणी त्याकडे दुर्लक्ष करू शकला असता. शंका घेणे हे इतिहासकाराचे कामच आहे. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या शंकेला जागा ठेवली नाही. इंग्लंडमध्ये नाण्यांनी बखरीला खोटे ठरवले, तर नाशिकमध्ये नाण्यांनी शिलालेख खरा ठरवला. पुरावा दोन्ही करू शकतो, म्हणूनच त्याला किंमत आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पुन्हा ठसा मारलेले एकच नाणे सापडले असते, तर तो एखाद्या टांकसाळीतला अपवाद म्हटला गेला असता. नऊ हजारांवर नाणी एकत्र सापडतात, तेव्हा त्यामागे राज्याचे धोरण दिसते. उरलेल्या चार हजारांच्या आसपास नाण्यांवर नवा ठसा नाही. याचा अर्थ, जुनी आणि नवी दोन्ही नाणी त्या ठेवीत शेजारी शेजारी होती. शिवाय नहपानाचे मुखवटे सगळे सारखे नाहीत. वय आणि चेहरेपट्टी यांतला त्यांचा फरक हजारो नाणी एकमेकांशेजारी मांडल्यावरच लक्षात येतो. हा ठेवा आधीच फुटून दहा सराफांकडे गेला असता, तर चांदी तेवढीच राहिली असती आणि ज्ञान काहीच उरले नसते. गौतमीपुत्राने शत्रूची नाणी वितळवली नाहीत, त्यावर आपला ठसा मारला. म्हणून त्याचा विजय आज वाचता येतो.

शेताचाच आणखी एक धागा नाशिकच्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातील लेखात तो गोवर्धन येथील अमात्याला आज्ञा देतो की, आजवर उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने क्षेत्र भिक्षूंना द्यावे. उषवदात हा नहपानाचा जावई. सत्ता बदलली ती रणांगणात. पण तिची नोंद झाली एका शेताच्या दानात आणि नाण्यांच्या राशीत.

दायमाबादचा धडा

पुरावा त्याच्या जागेपासून सुटला की काय होते, हे दायमाबादने दाखवले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या : बैल जुंपलेला आणि हाकणारा उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंच्या घरात. भारतीय पुरातत्त्वातील हा एक अद्भुत शोध मानला जातो. पुढे एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले. या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील असाव्यात असे त्यांचे मत पडले. मात्र डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून या कालनिर्णयाविषयी शंका घेतली. त्या मूर्ती शास्त्रीय उत्खननात थरासह मिळाल्या असत्या, तर या वादातील बराचसा भाग उद्भवलाच नसता. यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. त्याच्या कुदळीमुळेच मूर्ती जगासमोर आल्या. धडा एवढाच, की सापडल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात.

भीतीचे मूळ आणि कायदा

शेतकरी सापडलेला ठेवा का लपवतो? लोभ हे एक कारण आहे, पण भीती हे त्याहून मोठे. सरकार सारे घेऊन जाईल, शेत खणून टाकील, पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, असे त्याला वाटते. या भीतीपोटीच रातोरात नाणी वितळवली जातात. म्हणून कायदा काय आहे, ते गावात माहीत असणे आवश्यक आहे.

१८७८चा निखात निधी कायदा सांगतो की, दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास ते काय आहे, कोठे आणि केव्हा सापडले याची लेखी माहिती शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून दावेदारांना बोलावतात. कोणाचाही हक्क सिद्ध झाला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडलेल्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यावयाचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवणाऱ्याचा मात्र वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो. संरक्षित स्थळी परवान्याविना खणणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत.

या कायद्यात उणीव नाही असे नाही. नहपानाच्या नाण्याचे मोल त्यातील चांदीच्या वजनावर करणे हा ज्ञानाचा अवमान आहे. दहा रुपयांची मर्यादा आणि धातूच्या किमतीचा हिशेब दीड शतकापूर्वीचा आहे. प्रामाणिक शेतकऱ्याला वेळेत योग्य मोबदला, त्याच्या नावाची नोंद आणि तालुक्याच्या ठिकाणी सल्ला देणारा जाणकार माणूस मिळाला पाहिजे. ही मागणी जनतेनेच लावून धरावयाची आहे.

गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार हा या विषयाचा काळा भाग आहे. मांत्रिक, नरबळी, भोळ्या माणसांची लूट यांवर महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला. इतिहासाविषयी आस्था असणाऱ्याने या अंधश्रद्धेला थारा देता कामा नये.

कार्यकर्त्यांचे काम

गावातील शिक्षक, कार्यकर्ते आणि तरुण यांना येथे फार मोठा खर्च न करता मोठे काम करता येईल. काही सापडल्याचे कळताच पुढे खणू देऊ नये. मडके फुटले असेल तर खापरेही जपावीत. नाणी चिंचेने, राखेने किंवा आम्लाने घासू नयेत. त्यावरील थरही पुरावा असतो. जागेचे छायाचित्र घ्यावे, बांधापासूनचे अंतर आणि खोली मोजून लिहावी. तलाठ्याला बोलावून पंचनामा करावा, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. सापडलेल्या माणसाचा हक्क त्याला मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहावे. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. एका शेतकऱ्याला त्रास झाला, तर पंचक्रोशीतील दहा ठेवे मुशीत जातात. एकाचा सन्मान झाला, तर दहा जण पुढे येतात.

पूर्वजांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांनी मागे ठेवलेली साक्ष जपणे अवघड आहे, कारण त्यासाठी हाती आलेली चांदी थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. गौतमीपुत्राचे नाव पाठ्यपुस्तकातून पाठ करणाऱ्या पिढीला त्याची पुढची नाणी कदाचित आपल्याच काळीत किंवा पांढरीत भेटतील. तेव्हा ती वितळण्यापूर्वी ओळखणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा, एवढा संकल्प या व्याख्यानातून घरी नेला तरी पुष्कळ झाले.